जयगावले न्या लागीन

"जयगावले न्या लागीन." बोदवड तालुक्यात रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत कळ आली, कुणाचं अर्धं अंग लुळं पडलं, एखादी बाळंतीण अडली, की घरातल्या जाणत्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघतं आणि पुढची सगळी धावपळ त्याच्यामागे लागते. गाडी कुणाची, पैसे कुठून, सोबत कोण जाईल, ढोरांचं कोण बघेल. जळगावात नेमकं कुठे न्यायचं, हा विषय मात्र गाडी वरणगाव ओलांडून गेल्यावर निघतो. मग मागच्या सीटवरचा भाचा कुणाला तरी फोन लावतो, आणि पलीकडून जे नाव येईल तिकडे गाडी वळते. आठ-पंधरा दिवस चालणारा आणि एखाद्या घराचा कापसाचा अख्खा हंगाम गिळणारा व्यवहार असा एका फोनवर, दीड मिनिटात ठरतो.

बोदवड तसं अगदी आडबाजूला नाही. भुसावळ–बडनेरा लोहमार्गावरचं स्टेशन आहे. पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर भुसावळ, तिथून पंचवीसेक किलोमीटर पुढे जळगाव. पूर्वेला मलकापूर, पण ते बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री विदर्भात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, चार खासगी दवाखाने आहेत, मेडिकल स्टोअर तर हाकेच्या अंतरावर. ताप, जुलाब, सलाईन, साधं बाळंतपण गावात निभावतं. डोक्याला मार, हृदयाचा झटका, मूत्रपिंड, कर्करोग असं काही निघालं की गाव सोडावं लागतं. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, भुसावळ–जळगाव रस्त्यावर खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय तर त्याच्या कितीतरी आधीचं. तरीही मानूर, शेलवड, जामठीकडच्या माणसाची गाडी बहुतेक वेळा जळगावच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलच्या दारातच थांबते.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागात सरकारी रुग्णालयात भरती होण्याचा सरासरी खर्च ४,२९० रुपये निघाला, खासगीत २७,३४७. बाळंतपणं यात धरलेली नाहीत. सहापटीहून जास्त फरक, आणि तरी खेड्यातले निम्म्याहून अधिक रुग्ण खासगीतच भरती झालेले. लोकांना हौस आहे म्हणून नव्हे. सरकारी दवाखान्यात दुपारनंतर तज्ज्ञ भेटेल का, सोनोग्राफीची तारीख कधीची मिळेल, याची खात्री नसते. घरात माणूस तळमळत असताना खात्री विकत घ्यावीशी वाटते.

तेव्हा खासगीत जाऊ नका, असा उपदेश मी करणार नाही. जायचंच असेल तर आपली बाजू कागदावर लागते, आणि तो कागद पहिल्या दिवशी मागावा लागतो, एवढंच माझं म्हणणं आहे. डिस्चार्जच्या दिवशी मागितलेला कागद फार उपयोगी पडत नाही.

आधी पाठवणाऱ्याचं बघू. आपल्याकडे रुग्ण हॉस्पिटल निवडत नाही, त्याला 'पाठवलं' जातं. पाठवणारा कधी गावातला डॉक्टर असतो, कधी मेडिकलवाला, कधी जळगावला नोकरीला असलेला मेहुणा, कधी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. यातले बरेच जण निखळ मदत करतात. पण वैद्यकीय व्यवसायात 'कट' नावाची गोष्ट आहे, म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, आणि ती गुपित राहिलेली नाही. डॉ. अरुण गद्रे यांनी देशभरच्या डॉक्टरांशी बोलून लिहिलेल्या 'कैफियत' या पुस्तकात खुद्द डॉक्टरांनीच तिचं वर्णन केलं आहे. मुंबईत एका हृदयरोग रुग्णालयाने २०१७ साली 'आम्ही कमिशन देत नाही' अशा अर्थाचा भलामोठा फलकच लावला, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेत खळबळ उडाली होती. त्याच वर्षी राज्य सरकारने कटप्रॅक्टिस रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार करायला समिती नेमली. मसुदा झाला, कायदा झाला नाही.

मग आपण काय करायचं? गावच्या डॉक्टरवर संशय घेऊन चालत नाही, उद्या ताप आला तर त्याच्याचकडे जायचं असतं. पण तीन गोष्टी विचारल्या तर त्याला राग येण्याचं कारण नाही. डॉक्टरसाहेब, तुम्हाला आजार काय वाटतो? तिथेच का, दुसरीकडे कुठे ही सोय आहे? आणि चिठ्ठीवर लिहून देता का? ही चिठ्ठी म्हणजे नुसतं 'पेशंट पाठवत आहे, कृपया पाहावे' नको. किती वाजता त्रास सुरू झाला, रक्तदाब किती होता, कोणतं इंजेक्शन किती वाजता दिलं, ईसीजी काढला असेल तर त्याची पट्टी सोबत. हृदयाच्या झटक्यात आणि लकव्यात वेळेवर सगळं अवलंबून असतं. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन हवा. म्हणून गाडीतून फोन लावायचाच असेल तर थेट हॉस्पिटलला लावावा: "आत्ता, या वेळेला, सीटी चालू आहे का? हृदयाचे डॉक्टर आत्ता आहेत का, की सकाळी येतील?" बोर्डावर पंधरा नावं असतात. त्यातली बरीचशी आठवड्यातून दोनदा येणारी असतात.

इथे जरा थांबून एक उलटी गोष्ट सांगितली पाहिजे. सगळ्याच आजारांना जळगाव आणि खासगी लागत नाही. कपाशीच्या शेतात साप चावला तर पहिली धाव ग्रामीण रुग्णालयाकडे. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि जळगावच्या वाटेवर घालवलेला एक तास त्या माणसाच्या किडनीवर उठू शकतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची लसही तशीच. १०८ ची ॲम्ब्युलन्स राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. ती सहसा सरकारी रुग्णालयाकडेच नेते, म्हणून लोक तिला टाळतात. पण अडलेल्या बाईला किंवा अपघातातल्या माणसाला रस्ताभर ऑक्सिजन देत नेणारी गाडी आणि शेजाऱ्याची बोलेरो यांत फरक आहे.

आता भरतीचा काउंटर. पहिला प्रश्न येतो डिपॉझिटचा. ॲडव्हान्स मागणं बेकायदा नाही. पण तातडीचा रुग्ण असेल तर पैसे नाहीत म्हणून प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच हे ठरवून टाकलं आहे: जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार आणि बाकीचं नंतर. २०२५ च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात गर्भवतीकडे डिपॉझिट मागितल्याच्या आरोपावरून महाराष्ट्रभर जो संताप उसळला, तो याच मुद्द्यावर. आरडाओरडा करून मात्र काही हाती लागत नाही. "पेशंट सिरियस आहे, आधी सुरू करा, आणि ॲडव्हान्सचं काय ते लिहून द्या," असं शांतपणे म्हटलं तर निम्म्या ठिकाणी काम होतं.

दुसरा प्रश्न आपण विचारायचा, तोही ॲडव्हान्स भरायच्या आधी: "योजना चालते का?"

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल खानदेशी माणसाला सगळं माहीत असतं आणि नेमकं काही माहीत नसतं. २ जुलै २०१२ ला राजीव गांधींच्या नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये नाव बदललं, २०२० मध्ये आयुष्मान भारतशी जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत झालं आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही दार उघडलं. उपचारांची यादी १,३५६ ची होती, ती दोन हजारांच्या पुढे नेण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. सत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आधार पुरे. घरात म्हातारं माणूस असेल आणि हे कार्ड काढलेलं नसेल तर दिवाळीच्या गर्दीतून एक दिवस काढावा.

गोम वेगळीच आहे. हॉस्पिटल योजनेत आहे म्हणजे सगळ्या आजारांना आहे असं नाही. एखादं मूतखड्यासाठी योजनेत असतं, हाडांसाठी नसतं. म्हणून "योजनेत आहे का" एवढं विचारून भागत नाही, "या ऑपरेशनला योजनेत आहे का" असं विचारावं लागतं. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, बहुधा दर्शनी भागात, कधी जिन्याखाली एका टेबलावर. रेशनकार्ड आणि आधार घेऊन डॉक्टरच्याही आधी त्याच्याकडे जावं. तो नोंद करतो, मग कागद मंजुरीला जातात. मंजुरी आली की भरतीपासून डिस्चार्जपर्यंतचं सगळं त्यात धरलेलं असतं: खाट, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, आत बसवायचा रॉड किंवा स्टेंट, जेवण, घरी जायचं भाडं आणि नंतरच्या दहा दिवसांची औषधं. वरून एक रुपया घ्यायचा नसतो.

तरी 'वरचे पैसे' घेतल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. "योजनेतलं मटेरियल साधं असतं, चांगलं टाकायचं तर पंधरा हजार." किंवा, "मंजुरीला चार दिवस लागतील, तोवर पेशंटचं काय?" दुसऱ्या वाक्याने घरचे हमखास घाबरतात. तातडीच्या रुग्णाला फोनवरून कळवून लगेच उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे, हे आरोग्यमित्राला ठाऊक असतं. त्याला तिथल्या तिथे विचारावं. आणि कुणी म्हणालं की 'बसत नाही', तर का बसत नाही ते कागदावर मागून समोरच १५५३८८ हा योजनेचा फोन लावावा. फोन लावलेला बघूनच पुष्कळदा गोष्टी बसू लागतात.

योजना खरंच नसेल, तर उरतं खिशातलं बिल. जळगावच्या मधल्या दर्जाच्या हॉस्पिटलचं बिल एकदा हातात धरून सावकाश वाचावं. वर नाव, वय, भरतीची तारीख. खाली ओळी: बेड चार्जेस, नर्सिंग चार्जेस, आरएमओ चार्जेस, कन्सल्टंट व्हिजिट, मॉनिटर, ऑक्सिजन तासांवर, सिरिंज पंप, बायोमेडिकल वेस्ट, एमआरडी. ही एमआरडी म्हणजे आपली फाईल सांभाळण्याचे पैसे. व्हिजिट दिवसाला दोन लावलेल्या असतात. डॉक्टर सकाळी एकदाच आले होते हे सोबतच्या बाईला पक्कं आठवतं, पण ती कुणाला सांगणार? ऑक्सिजनचे तास दिवसाला चोवीस, पेशंट मात्र दुपारी नळी काढून बिस्कीट खात होता. यातलं सगळंच खोटं असतं असं नाही. बरंचसं न विचारल्यामुळे राहून गेलेलं असतं. सोबत राहणाऱ्याने एक शाळकरी वही ठेवावी. कोण डॉक्टर कधी आले, कोणतं इंजेक्शन दिलं, काय मागवलं, काय परत केलं, वेळ घालून. त्या वहीचा धाक मोठा असतो, शिवाय पुढे ती पुरावाही ठरते.

औषधांचं वेगळं बिल होतं आणि तेच पुष्कळदा जास्त असतं. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. सिरिंज, हातमोजे, सलाईनची नळी यांचा हा हिशोब. छापील किमतीतच घेतलं म्हणून बेकायदा काही नाही, छापील किंमतच तशी असते. हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्या, ही सक्ती मात्र रुग्ण हक्कांच्या सनदेत बसत नाही. औषध कुठून घ्यायचं आणि तपासणी कुठे करायची हे ठरवण्याचा हक्क रुग्णाला आहे. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने देशभरासाठी सक्तीचा आदेश द्यायला नकार दिला आणि राज्यांनी धोरण ठरवावं असं सांगितलं. म्हणजे तोवर आपणच विचारायचं. आयसीयूतल्या माणसाचं इंजेक्शन आणायला रात्री दोन वाजता कुणी जनऔषधी केंद्र शोधत फिरणार नाही, ते बरोबर. पण डिस्चार्जनंतरच्या तीन महिन्यांच्या गोळ्या तर गावातून घेता येतात. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव मोठ्या, वाचता येणाऱ्या अक्षरात लिहावं, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच म्हटलेलं आहे.

आणि सगळ्यात आधी अंदाजपत्रक. ऑपरेशन ठरलेलं असेल, तातडीचं नसेल, तर लेखी अंदाज मागावाच. पॅकेज असेल तर पॅकेजमध्ये काय नाही ते विचारावं. भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी, आत टाकायची वस्तू, बायोप्सी आणि आयसीयू, या चार गोष्टी बाहेर निघण्याचा संभव फार. हे मागायला आपल्या माणसाला लाज वाटते. दोन एकरांचा सौदा करताना सातबारा चार वेळा बघणारा माणूस दीड लाखाच्या ऑपरेशनला "तुम्ही म्हणाल तसं" म्हणतो.

इटलीसारख्या देशात तर हा कायदाच आहे. तिथे १९७८ पासून सगळ्यांसाठी सरकारी आरोग्यसेवा आहे, आणि खासगीत लोक जातात ते मुख्यतः तारखेची वाट बघायला नको म्हणून. तरीही २०१७ च्या कायद्याने व्यावसायिकाने, त्यात डॉक्टरही आले, आधी लेखी किंवा डिजिटल अंदाज देणं बंधनकारक आहे. वर दवाखान्याच्या बिलावर प्राप्तिकरात १९ टक्के सूट मिळते, म्हणून मिलान-तोरिनोतला माणूस पावती सोडत नाही. २०२० पासून खासगी दवाखान्यात रोख पैसे दिले तर ही सूटही जाते. आपल्याकडे कच्च्या कागदावर रक्कम लिहून देणारे दवाखाने अजून आहेत, आणि 'पक्कं बिल हवं तर जास्त पडेल' हे वाक्यही. पडू द्यावं. विमा असो की ग्राहक आयोग, सगळीकडे पक्कं बिलच लागतं.

दर लावण्याच्या बाबतीत महाराष्ट्रात जे काही आहे ते महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात आहे. मूळ कायदा १९४९ चा. केंद्राचा २०१० चा कायदा आपल्या राज्याने स्वीकारलाच नाही. जानेवारी २०२१ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली आणि रुग्ण हक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. जळगावात पुढच्या वेळी जाल तेव्हा बघा. सनद असते, पण कुठे रिसेप्शनच्या मागे, कुठे झाडाच्या कुंडीआड. दरपत्रक दिसलं नाही तर विचारावं. विचारणारा कुणी आहे एवढं कळलं तरी पुढचं बिल जरा सांभाळून बनतं.

आता एका ऑपरेशनबद्दल, कारण ते आपल्याकडे इतकं सहज होतं की त्याला कुणी ऑपरेशन म्हणत नाही. "पिशवी काढून टाकली." पस्तीस-चाळिशीतली बाई, अंगावरून जास्त जातं, कंबर दुखते, कापूस वेचून हाता-पायाची आग होते. सोनोग्राफीत 'सूज' निघते आणि सांगितलं जातं की उद्या कॅन्सर होईल. या वाक्यापुढे नवरा-सासू कुणीच बोलत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, म्हणून तो बीडचा वाटतो. केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत राबवायला राज्यांना सांगितलं. जास्त रक्तस्रावाला आधी गोळ्यांचा, आतून बसवायच्या औषधी तांबीसारख्या साधनाचा उपाय असतो. गाठी लहान असतील तर नुसतं लक्ष ठेवूनही चालतं. चाळिशीच्या आत पिशवी आणि सोबत अंडाशयही काढली तर हाडं आणि हृदय लवकर झिजतात. बोदवडच्या बाईने इथे एवढंच करावं: सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात घ्यावा आणि जळगावच्या शासकीय महाविद्यालयात स्त्रीरोग ओपीडीत केसपेपर काढून दुसरं मत घ्यावं. आठ-दहा दिवसांनी काही बिघडत नाही. खरंच कॅन्सरची शंका असेल तर तिथले डॉक्टरही तपासणी लगेच करतील. दुसरं मत घेणं हा हक्क आहे, डॉक्टरचा अपमान नव्हे. त्यासाठी पहिल्या डॉक्टरकडून रिपोर्ट मागताना कारण सांगायचीही गरज नाही.

सिझेरियनचंही थोडंफार असंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणांपैकी १४.३ टक्के सिझेरियन होती, खासगीत ४७.४ टक्के. अवघड बाळंतपणं खासगीकडे जातात हे धरूनही हा आकडा पचत नाही.

संमतीपत्राबद्दल एक वाक्य. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीसाठी घेतलेली संमती ऑपरेशनला चालत नाही. तेव्हा छापील इंग्रजी कागदावर कोऱ्या जागा असताना सही करू नये. कोणतं ऑपरेशन ते लिहून घ्यावं, मराठीत वाचून दाखवायला सांगावं.

मेडिक्लेम असणाऱ्यांची संख्या आपल्याकडे हळूहळू वाढते आहे, शिक्षक, बँकवाले, जिनिंगवाले. त्यांची फसगत खोलीभाड्यात होते. समजा पॉलिसी तीन लाखांची आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे तीन हजार. आपण साडेचार हजारांची खोली घेतली. वाटतं, फार तर वरचे दीड हजार आपण देऊ. प्रत्यक्षात डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर अशा खर्चांवरही कंपनी त्याच प्रमाणात कात्री लावते आणि दोन तृतीयांशच देते. म्हणून खोली निवडण्याआधी पॉलिसी बघावी. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते. उशिरामुळे वाढलेला खर्च कंपनीने सोसायचा. जुना आजार लपवू नये, पॉलिसी घेताना मधुमेह लिहिला की जास्तीत जास्त तीन वर्षांनी तो आत येतो. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, तीस दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. फी नाही, वकील लागत नाही.

आजार मोठा निघाला आणि नाशिक, पुणे, मुंबई गाठावी लागली, तर धर्मादाय रुग्णालयांची योजना लक्षात ठेवावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या असतात. आज उत्पन्नाची मर्यादा पहिल्यासाठी वर्षाला १ लाख ८० हजार आणि दुसऱ्यासाठी ३ लाख ६० हजार आहे. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी ती १ लाख ६० हजार, आणि तिथे रुग्णालयाचं अंदाजपत्रक लागतं. पैसे थेट रुग्णालयाला जातात. या सगळ्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो माणूस आयसीयूत असताना सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहून काढायचा कागद नाही. शेतीची कामं थंडावलेली असतात तेव्हा काढून ठेवावा. रेशनकार्डावर नव्या सुनेचं, नातवाचं नाव चढलं आहे का तेही बघावं. योजनेत अडकतं ते बहुतेक इथेच, आधारवर एक नाव आणि कार्डावर दुसरं.

डिस्चार्जच्या दिवशी पैसे कमी पडले, तर? रुग्णाला किंवा मृतदेहाला बिलासाठी अडवून ठेवता येत नाही. सनदेत तसं लिहिलेलं आहे. हॉस्पिटल वसुलीसाठी दिवाणी मार्ग धरू शकतं, आणि आपणही हप्ते लिहून द्यायची तयारी ठेवावी. हॉस्पिटलवर दगड मारणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. त्यात काच फुटते, गुन्हा दाखल होतो आणि खऱ्या चुकीची चौकशी तिथेच संपते.

तक्रार करायचीच असेल तर ती कुठे, हे आधी कळायला हवं. दर, सनद, नोंदणी याबद्दल जळगाव शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग, भुसावळ-बोदवडसारख्या गावांत जिल्हा शल्यचिकित्सक, खेड्यात जिल्हा आरोग्य अधिकारी. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल मुंबईची महाराष्ट्र वैद्यक परिषद. पैशाची भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. खासगी डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात हे १९९५ पासून पक्कं आहे. २०१९ च्या कायद्याने आता आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे मुंबईच्या रुग्णालयाविरुद्धही जळगावात. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

यातलं काहीही करायला केसपेपर लागतात, डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. भरती झालेल्या रुग्णाची पूर्ण नोंद, म्हणजे रोजच्या तपासणीचे कागद, भूल देतानाची नोंद, नर्सिंग चार्ट, अर्ज केल्यापासून ७२ तासांत द्यायची असते आणि डॉक्टरने ती तीन वर्षं जपायची असते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतलं हे कलम आजही लागू आहे. झेरॉक्सचे पैसे आपण द्यायचे. अर्ज साधा असावा, रुग्णाचं नाव, भरती-डिस्चार्जच्या तारखा, आयपीडी नंबर, 'संपूर्ण इनडोअर केसपेपरची प्रत मिळावी' आणि सही. रुग्ण हयात नसेल तर वारसाने, सोबत आधार आणि मृत्यूचा दाखला. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एकीवर तारखेसह शिक्का मागावा. काउंटरवरची मुलगी "सर आल्यावर या" म्हणाली, तर वाद घालू नये. तोच अर्ज चौकातल्या पोस्टातून स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती वहीच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवावी.